पानांचे मोनोप्रिंट घरच्या घरी: शिरा काही केल्या उमटत नाहीत, मदत करा

फडताळ | १९ एप्रिल, दुपारी ३:१०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज स्वतःच्या गरजेपोटी धागा काढतेय.

लेकीची सातवीची परीक्षा संपली. सुट्टीत मोबाईल हातातून सुटेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून जेल प्लेटवर पानांचे ठसे घ्यायचं दोघींनी मनावर घेतलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जेलीसारखी लिबलिबीत पाटी असते. तिच्यावर रोलरने अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर द्यायचा, त्यावर पानं मांडायची, वर कागद ठेवून हाताने दाबायचा आणि उचलायचा. एकदा आलेला ठसा पुन्हा तस्साच येत नाही, म्हणून मोनोप्रिंट.

तयार पाटी महाग वाटली, म्हणून घरी केली. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून बिनचवीचं जिलेटिन आणलं, केमिस्टकडून ग्लिसरीन. ४० ग्रॅम जिलेटिन, १८० मिली पाणी, १८० मिली ग्लिसरीन. जिलेटिन गार पाण्यात दहा मिनिटं फुगवलं, ग्लिसरीन घातलं, गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वितळवलं. उकळू दिलं नाही. वर आलेला फेस वर्तमानपत्राच्या पट्टीने ओढून काढला आणि ८ बाय ६ इंची ट्रेमध्ये ओतलं. सकाळी उठून बघते तर झकास पाटी.

पण आम्ही बसलो गॅलरीत, ठाण्याच्या दुपारी, उन्हात. तिसऱ्या कागदाबरोबर पाटीचा एक कोपराच वर आला. फ्रिजमध्ये ठेवावी म्हटलं तर सासूबाईंनी विचारलं, "जिलेटिन म्हणजे हाडांचंच ना?" आता खोटं कसं बोलणार. तेव्हापासून पाटी बाथरूममधल्या बादलीच्या पाण्यावर तरंगत्या ताटलीत राहते.

हे एक वेळ निभावेल. खरं दुखणं वेगळंच आहे. कागदावर पानाची फक्त पांढरी आकृती येते. भोवती निळा रंग आणि मध्ये पानाच्या आकाराचं भोक. शिरा नाहीत, जाळी नाही, काही नाही. वीस-बावीस कागद वाया गेले. इतरांच्या ठशांत तर पानाची नस न् नस दिसते. आमचं काय चुकतंय?

अळूवडी | १९ एप्रिल, दुपारी ३:४२

फोटो दिसत नाहीयेत. बादलीतल्या पाटीचा तरी टाकच.

उंटावरचा | १९ एप्रिल, दुपारी ४:०५

एवढा खटाटोप कशाला? पानाचा फोटो काढा, फिल्टर मारा, दोन मिनिटांत "बोटॅनिकल प्रिंट" तयार.

अळूवडी | १९ एप्रिल, दुपारी ४:०९

@उंटावरचा, तुम्ही पुरणपोळीचाही फोटोच खाता का?

मुद्राराक्षस | १९ एप्रिल, रात्री ९:२०

छापखान्यात हयात गेली, त्यामुळे नावाचा कीस पाडल्याशिवाय राहवत नाही. ज्या पाटीवर कायमचं काही कोरलेलं नसतं, तिच्यावरून निघालेल्या एकमेव ठशाला खरं तर मोनोटाइप म्हणतात. कोरलेल्या ठोकळ्यावर किंवा धातूच्या पत्र्यावर दर वेळी वेगळा रंग लावून काढलेला तो मोनोप्रिंट. पण हौशी लोकांत आता सगळ्यालाच मोनोप्रिंट म्हणतात, तेव्हा चालू द्या.

ताई, आधी तीन गोष्टी सांगा. रंग किती घेता? डोक्यावर पंखा चालू असतो का? आणि पहिला कागद उचलल्यावर पुढे काय करता?

फडताळ | १९ एप्रिल, रात्री ९:४८

रंग साधारण पोह्याचा एक चमचा. पंखा अर्थातच फुल्ल, एप्रिल आहे काका. कागद उचलल्यावर पानं काढून टाकते आणि उरलासुरला रंग ओल्या फडक्याने पुसून पाटी पुढच्या ठशासाठी स्वच्छ करते.

मुद्राराक्षस | १९ एप्रिल, रात्री १०:०२

तुम्हाला हवा असलेला ठसा तुम्ही रोज फडक्याने पुसून टाकताय.

फडताळ | १९ एप्रिल, रात्री १०:०४

म्हणजे????

मुद्राराक्षस | १९ एप्रिल, रात्री १०:५५

सविस्तर सांगतो, बोटांनी टाइप करायला वेळ लागतो.

पानाची मागची बाजू रंगात टेकवायची, कारण शिरांचा उठाव तिथे असतो. पान दाबलं की शिरा रंगात रुततात आणि रंग बाजूला सारतात. शिरांमधला पापुद्रा रंगाला जेमतेम टेकतो. आता वर कागद ठेवला तर कागदाला रंग कुठला मिळणार? पानाच्या बाहेरचा. पानाखालचा रंग झाकलेलाच राहतो. म्हणून पहिल्या कागदावर पांढरं भोक येतं, आणि ते यायलाच हवं. तुमचा पहिला ठसा चुकलेला नाही.

मग चिमट्याने देठाला धरून पान अलगद उचला. पाटी तिरपी धरून उजेडात बघा. बाहेरचा रंग पहिल्या कागदाने नेलेला असेल आणि पानाच्या जागी रंगाचं एक पान उरलेलं असेल, शिरा कोरल्यासारखं. त्यावर लगेच दुसरा कागद ठेवा आणि तळहाताने मधून बाहेर दाबत जा. चित्रकार मंडळी याला घोस्ट म्हणतात. तुमच्या बादलीत आजवर वीस-बावीस भुतं बुडाली.

आता बाकीचं. चमचाभर रंग म्हणजे थालीपीठ झालं. ८ बाय ६ च्या पाटीला मटाराएवढे दोन ठिपके पुष्कळ. थर जाड असला की शिरांच्या मधल्या जागेत रंग भरतो आणि नक्षी बुजते. रोलर कानाने चालवा. रंग जास्त असेल तर पचपच वाजतं. नेमका असेल तर चिकटपट्टी हळूहळू सोडवताना येतो तसा बारीक, कोरडा आवाज येतो.

आणि पंखा बंद. अ‍ॅक्रिलिक पाण्याचं असतं. तुम्ही पानं मांडेपर्यंत एप्रिलच्या वाऱ्यात ते पाटीवरच वाळतं, मग दुसऱ्या कागदाला काही उरत नाही. रंगात ग्लिसरीनचे दोन थेंब मिसळले तर थोडी उसंत मिळते.

अळूवडी | १९ एप्रिल, रात्री ११:१०

"वीस-बावीस भुतं बुडाली" 😂😂 वाचनखूण साठवली.

निळं_दप्तर | २० एप्रिल, सकाळी ७:३०

काकांनी गाभा सांगितलाय, मी पानांबद्दल लिहिते. नागपूरला शाळेत चित्रकला शिकवते, दर वर्षी पन्नास-साठ मुलांकडून हे करून घेते.

मुलं पहिल्यांदा आंब्याचं आणि फणसाचं पान आणतात, कारण ती सगळीकडे मिळतात आणि दिसायला भारदस्त. दोन्ही हमखास फसतात. पान जाड, मधली शीर तर दोरीएवढी, त्यामुळे कागद पानाच्या कडेला टेकतच नाही आणि भोवती पांढरी झालर राहते. आणायचंच असेल तर मधली शीर मागून ब्लेडने तासा, म्हणजे पान सपाट बसेल. हे काम मोठ्यांनीच करावं.

उत्तम पानं म्हणजे पातळ, जरा लवचिक आणि मागून खरबरीत. जास्वंद, तुती, पपईचं कोवळं पान, कारल्याचा वेल, कोथिंबीर. कढीपत्त्याची अख्खी काडी सुरेख येते. शेवग्याची डहाळी तर विचारू नका, एवढीएवढी पानं नाण्यांसारखी ओळीत उमटतात. सागाची जाळी अप्रतिम, पण पान पाटीत मावत नाही, तुकडा घ्यावा लागतो. कोवळं असेल तर आधी हातावर चोळून बघा, हात लाल होतात. तो लाल डाग कागदावरही उतरतो, आणि मला आवडतो.

झाडावरून तोडलेलं पान लगेच वापरू नका. रद्दीत घालून वर जाड पुस्तकं ठेवा. सकाळचं पान संध्याकाळी. मरगळलेलं हवं, वाळलेलं नको. ताजं पान कुरकुरीत असतं, दाबलं की फुटतं आणि त्याचा रस रंगात मिसळतो. पार वाळलेलं पान पाटीलाच चिरा पाडतं.

अळूच्या वाटेला जाऊ नका. त्याच्यावर पाणी ठरत नाही तसा रंगही ठरत नाही, आणि हाताला खाज सुटते ती वेगळीच. (@अळूवडी, रागावू नका.)

अळूवडी | २० एप्रिल, सकाळी ८:१५

आमचं काम तळून घेण्याचं, ठसे उमटवण्याचं नाही.

पडवी | २० एप्रिल, दुपारी १२:२०

फडताळताई, सासूबाईंचा प्रश्न मी सोडवते. जिलेटिन सोडा, चायनाग्रास घ्या.

आमच्याकडे रत्नागिरीला घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे मी पहिल्यापासून चायनाग्रासचीच पाटी करते. ते समुद्री शेवाळाचं, त्यामुळे सोवळ्यातलं नसलं तरी निदान चर्चेतलं नाही. ३५० मिली पाण्यात १० ग्रॅम पूड आणि १०० मिली ग्लिसरीन घेते. मात्र हे चांगलं दोन-तीन मिनिटं उकळावं लागतं, सतत ढवळत. नुसतं गरम केलं तर कण राहतात आणि प्रत्येक कण ठशात दिसतो. आणखी सुख म्हणजे फ्रिज लागत नाही. ओट्यावरच घट्ट होतं, आणि एकदा झालं की ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही. जिलेटिन बिचारं तिशी-पस्तिशीतच हाय खातं.

आता दोष. ही पाटी ठिसूळ असते. खरवसासारखी कापली जाते, रबरासारखी ताणत नाही. ट्रेमधून काढूच नका, आतच ठेवून छापा. शिवाय तिला पाणी सुटतं. रंग लावण्याआधी जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, नाहीतर रंगाचे थेंब थेंब होतात. पाच-सहा दिवसांत कडेला चिरते. मग तुकडे करून परत वितळवायची.

सिक्वोया | २१ एप्रिल, पहाटे ४:५०

कॅलिफोर्नियातून. इकडे मिळणाऱ्या तयार पाट्यांपैकी बऱ्याच खनिज तेलापासून केलेल्या असतात, जिलेटिनचा अंशही नाही. माझी चार वर्षं झाली तरी धड आहे. भारतात आले की आईच्या अंगणातली पानं बॅगेत घालून नेण्याचा मोह होतो, पण कस्टम्सवाले झाडपाला आत येऊ देत नाहीत. म्हणून मी ठसे तिथेच घेते आणि कागद आणते. आमच्या इथल्या भिंतीवर कुडाळची तगर आहे.

फडताळ | ४ मे, संध्याकाळी ६:३०

झालं!! भूत आलं!!

चायनाग्रासची पाटी केली (सासूबाईंनी स्वतः ढवळली), पंखा बंद, दारं बंद, घामाच्या धारा. रंग खरंच मटाराएवढे दोन ठिपके, एक निळा, एक काळा. रोलर फिरवताना लेक कान लावून बसली होती, "आई, अजून पचपचतंय, अजून, आता नाही." शेवग्याची एक डहाळी आणि जास्वंदीची दोन पानं उलटी ठेवली. पहिला कागद: तीच नेहमीची पांढरी भोकं. तो बाजूला टाकला. चिमट्याने शेवगा उचलायला गेले तर सगळी डहाळी एकदम उठेना, एकेक पान टिचकीसारखं सुटत गेलं. पाटीवर तेव्हा काही विशेष दिसत नव्हतं, नुसती काळपट ओल. दुसरा कागद ठेवला, तळहाताने दाबला आणि लेकीला म्हटलं, तू उचल.

तिने एका कोपऱ्याला धरून हळूहळू सोलला. आधी देठ आलं. मग जास्वंदीचा दातेरी काठ, मग मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या शिरा, त्या शिरांतून फुटलेलं जाळं, आणि जाळ्यात एका ठिकाणी अळीने खाल्लेलं भोक. ते भोक आम्हाला पानावर दिसलंच नव्हतं! पाच मिनिटं दोघी काही बोललो नाही. मग सासूबाई मागून म्हणाल्या, "पंखा लावा आता, जीव जाईल."

पांढऱ्या भोकांचे जुने वीस कागद टाकले नाहीत. @मुद्राराक्षस, त्यांच्यावरच आता हे दुसरे ठसे घेतले तर?

मुद्राराक्षस | ४ मे, रात्री ८:१५

घ्या की. पान भोकात नेमकं बसवायचा अट्टहास करू नका, थोडं सरकलेलंच बरं दिसतं.

आणखी एक युक्ती. कधी रंग पाटीवर वाळून गेला आणि ठसा उठला नाही, तर पुसू नका. (तुम्हाला पुसायची फार सवय.) पूर्ण वाळू द्या. मग त्यावर पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पातळ थर रोलरने द्या, कागद ठेवा, वर वजन ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. ओला रंग खालचा वाळलेला रंग धरून उठतो. माझे सगळ्यात बारीक ठसे असेच निघालेत.

घाटवाट | ५ मे, सकाळी १०:००

कागद कुठला वापरता? माझ्याकडे जलरंगाचा जाड खरखरीत कागद आहे, त्यावर अर्धाच ठसा येतो.

निळं_दप्तर | ५ मे, सकाळी १०:२५

तो कागद दाणेदार असतो, रंग त्याच्या खड्ड्यांत पोचत नाही. गुळगुळीत आणि थोडा पातळ हवा. शाळेत आम्ही चित्रकलेचा साधा कार्ट्रिज कागदच वापरतो. कॉपीचा कागदही चालतो, फक्त वळतो.

पडवी | ५ मे, दुपारी १:१०

पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एक चक्कर मारा. हातकागदातला पातळ, गुळगुळीत प्रकार मागायचा. जरासा ओलसर करून घेतला तर शिरा फार मऊ उतरतात.

सायकलची_घंटी | ७ मे, रात्री ९:४०

रोलरबद्दल कोणीच बोललं नाही. चांगला रबरी रोलर स्टेशनरीच्या दुकानात मिळाला नाही, म्हणून मी पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा घेतला, त्यावर सायकलची जुनी ट्यूब ताणून बसवली आणि आत लाकडी दांडा घातला. उत्तम चालतो. हार्डवेअरवाला भिंत रंगवायचा स्पंजाचा रोलर गळ्यात मारेल, तो घेऊ नका. अर्धा रंग तोच पितो आणि वर बुडबुडे सोडतो.

घरातलं लाटणं घेऊ नका. का, ते विचारू नका.

चिमणचारा | १२ मे, दुपारी ४:३०

एक इशारा देऊन ठेवते, मूर्खपणा माझाच आहे.

धागा वाचून उत्साहात पुण्यात सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. एका तणाचं पान इतकं नाजूक कातरलेलं होतं की वाटलं याच्यासारखं दुसरं नाही. मूठभर आणलं, रद्दीत दाबलं, हाताने सारखं केलं. ठसे अप्रतिम आले. रात्री मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ आणि आग. ते गाजरगवत निघालं! डॉक्टरांनी मलम दिलं आणि "रंगपंचमी झाली की हो कधीच" असंही ऐकवलं.

निळं_दप्तर | १२ मे, संध्याकाळी ५:०५

अरेरे, काळजी घ्या. गाजरगवताची भारतातली नोंद झाली तीच मुळी पुण्यातून, १९५६ साली. तेव्हा तुम्ही मूळ पत्त्यावरच गेलात.

मुलांबरोबर करणाऱ्यांनी रुई आणि कण्हेरही टाळा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, कण्हेर सगळीच विषारी. पान तोडलं आणि पांढरा चीक आला तर ते बाजूलाच ठेवायचं, असा शाळेत साधा नियम आहे. पपईलाही चीक असतो, म्हणून ती मी स्वतः तोडून देठ पुसून देते.

उंटावरचा | १३ मे, सकाळी ११:२०

बघा, फोटो काढला असता तर पुरळ आलं नसतं.

चिमणचारा | १३ मे, सकाळी ११:३१

हे मात्र खरं 😐

मुद्राराक्षस | १५ मे, रात्री १०:१०

कोणी मागितलेलं नसताना थोडं अवांतर, पण हे आमचं घराणं आहे.

पानाला काजळी लावून कागदावर दाबायची कृती लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत आहे, शेजारी पानाचा ठसाही आहे. १७३० च्या दशकाच्या अखेरीस बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेतल्या वसाहतींच्या कागदी नोटा छापत होता. खोट्या नोटांना आळा बसावा म्हणून त्याने नोटेच्या मागे झाडाच्या पानाचा ठसा घातला. माणसाने काढलेली नक्षी दुसरा माणूस हुबेहूब काढू शकतो, पानाच्या शिरा कोण काढणार? कोरून साधेना, म्हणून त्याने खऱ्या पानावरून साचा घेऊन धातू ओतला. तो नेमका कसा ओतत असे हे त्याने गुपित ठेवलं.

पुढे १८५२ साली व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्याच्या आलोइस आउअरने पेटंट घेतलं. पान एका बाजूला पोलाद आणि दुसऱ्या बाजूला शिशाचा पत्रा अशा जोडीत ठेवून रुळांतून काढायचं. शिसं मऊ, त्यामुळे पान त्यात रुतून शिरांसकट साचा उमटवतं. तुमची पाटी तेच करते बघा. काचेवर किंवा स्टीलच्या ताटावर पान ठेवून हाताने दाबलंत तर पानाच्या जाडीमुळे कागद अधांतरी राहतो. जेलवर पान खाली दबतं, म्हणून प्रेसशिवाय भागतं. शिशाचं काम चायनाग्रास करतंय. हेन्री ब्रॅडबरीने हेच तंत्र इंग्लंडात नेऊन १८५५ मध्ये तिथल्या नेच्यांचा मोठा ग्रंथ छापला, आणि श्रेय कोणाचं यावरून आउअरशी वाजलंही. आपल्याकडे मद्रासच्या सरकारी छापखान्यातून १८५७ मध्ये हेन्री स्मिथने वनस्पतींचे असे ठसे काढले.

घाटवाट | १७ ऑगस्ट, रात्री ८:४५

धागा वर काढतोय. यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं, तेव्हापासून सगळं हिरवंगार आहे. काल माळशेजच्या बाजूला गेलो होतो. कातळाच्या बेचक्यात रुपेरी नेचा दिसला. वरून हिरवा, मागून पीठ चोपडल्यासारखा पांढरा. बरोबरच्या गावातल्या पोराने एक फणी तोडली, माझ्या मनगटावर उलटी ठेवून थाप मारली आणि उचलली. मनगटावर अख्खा नेचा, पांढराशुभ्र, देठापासून टोकापर्यंत. रंग नाही, रोलर नाही, पाटी नाही.

म्हणाला, "आमी शाळेत जाताना रोज काडतो."

मी चार हजारांचं सामान विकत घेऊन बसलोय.

पडवी | १८ ऑगस्ट, सकाळी ९:२०

आमच्याकडे सध्या हवेत इतका ओलावा आहे की पंखा लावूनही रंग वाळत नाही. सावकाश काम करायला बरं, पण ठसे एकमेकांवर ठेवले ते चिकटले, सुटताना एकाचा टाकळा दुसऱ्याच्या पाठीवर गेला. आता मागल्या पडवीत दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगते. येणारा-जाणारा विचारतो, फोडी वाळत घातल्यात काय.

फडताळ | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

काल दसरा झाला. संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर घरात आपट्याच्या पानांचा ढीग उरला. आज फेकून द्यायच्या ऐवजी सगळी रद्दीत दाबली आणि छापली. सोनेरी अ‍ॅक्रिलिक, काळा हातकागद. @मुद्राराक्षस, तुमच्या फ्रँकलिनच्या नोटांची आठवण झाली. पान म्हणजे पैसा, हे आपल्याकडे दर दसऱ्याला चालतंच की.

शिरा काय आल्यात! देठापासून पंख्यासारख्या फाकलेल्या. फोटो टाकतेय, या वेळी दिसतोय का सांगा.

अळूवडी | ३ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

दिसतोय!! फ्रेम करा.

निळं_दप्तर | ३ ऑक्टोबर, दुपारी १:५०

देखणा आलाय ठसा. पण ताई, सांगू की नको? हा आपटा नाही.

मलाही बाजारातल्या ढिगात कळलं नसतं. ठशात मात्र सगळं उघडं पडलंय. फोटो मोठा करून शिरा मोजा. मला देठापासून निघालेल्या तेरा दिसतायत. आपट्याच्या पानात साधारण ७ ते ९ असतात. शिवाय आपट्याचं पान लहान, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. तुमचं चांगलं तळहाताएवढं लांबुळकं आहे. हा कांचन आहे. दर दसऱ्याला ढिगाने आपटा म्हणून विकला जातो.

फडताळ | ३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

मोजल्या. तेरा. लेकीने दुसरं पान घेऊन मोजल्या, त्यातही तेरा. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. आमच्या माहेरी आपट्याचं पान मुठीत मावायचं."

मग काल का नाही सांगितलंत, विचारलं. तर म्हणे, सणाच्या दिवशी कोणाच्या सोन्याला खोटं म्हणू नये.

मुद्राराक्षस | ३ ऑक्टोबर, दुपारी २:४०

म्हणजे फ्रँकलिनची युक्ती चालली म्हणायची. खोटी नोट पकडली गेली.

घाटवाट | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१५

आमच्या गावच्या बांधावर खरा आपटा आहे. दसऱ्याला लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, म्हणून मी दोन दिवस तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. चार-पाच पानं खाली पडलेली उचलून ठेवलीत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रद्दीत दाबून पाठवतो.

फडताळ | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:२२

केला. देठासकट पाठवा हं, चिमट्याने धरायला लागतं.